उरलेलं मन आणि उरलेलं काम

पत्र थोडक्यात असं आहे. टोकियोच्या एदोगावा भागात, निशिकासाईत राहणारे हे वाचक ४१ वर्षांचे आहेत. नोकरी आयटीत, एका बँकेच्या सिस्टीमचा सपोर्ट सांभाळतात. तीन वर्षांपूर्वी मुलाला केंदोला, म्हणजे जपानी तलवारबाजीला घातलं आणि बाहेर बाकावर बसून कंटाळा यायला लागला म्हणून स्वतःही नाव घातलं. मध्यंतरी एका स्पर्धेत त्यांनी 'मेन', म्हणजे डोक्यावरचा फटका, अगदी स्वच्छ मारला. पंचांची निशाणं वर गेली, यांनी आनंदाने मूठ हवेत उडवली आणि पंचांनी गुण रद्द केला. मुलगा बघत होता. 'फटका तर बरोबर होता ना?' असं त्यांनी पत्रात दोनदा विचारलं आहे. सेन्सेईंचं, म्हणजे गुरुजींचं, म्हणणं एवढंच, की झानशिन नाही. तेव्हापासून त्यांनी सतत सावध राहायचं मनावर घेतलं आहे. सरावात खांदे भरून येतात, फटका उशिरा पडतो. हॉटेलात ते भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतात. सपोर्टची पाळी नसली तरी फोन उशाशी असतो, झोप उडाली आहे. बायको म्हणते, "समोर बसलेला असतोस, पण असतोस कुठे?" सावध आणि सैल एकाच वेळी कसं राहायचं, आणि हे जमणारं नसेल तर शोदानची, म्हणजे पहिल्या श्रेणीची परीक्षा सोडून द्यावी का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

नमस्कार.

पत्र वाचून पहिल्यांदा तुमच्या सेन्सेईंची दया आली. 'झानशिन नाही' हे किती वर्षं, किती जणांना सांगत असतील बिचारे! मीही ते ऐकलेलं आहे. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही सहा वर्षं नागोयात होतो आणि मी क्युदो, म्हणजे जपानी धनुर्विद्या शिकायला जायचे. केंदो मी काठावरूनच पाहिलंय, हे आधीच सांगून टाकते. पण हा शब्द दोन्हीकडे एकच आहे, आणि तुमची-माझी चूकही बहुतेक एकच.

आधी त्या मुठीचं बघू, कारण ती तुम्हाला अजून सलतेय. फटका बरोबर होता का? केंदोच्या नियमात ग्राह्य फटक्याची जी व्याख्या आहे, तिच्यात सगळं एका दमात येतं: भरपूर जोम, नीट शरीरस्थिती, शिनाईचा, म्हणजे बांबूच्या तलवारीचा योग्य भाग, योग्य जागा, पात्याची योग्य दिशा आणि त्यामागून झानशिन. म्हणजे झानशिन ही फटक्यानंतरची शोभा नव्हे, ती फटक्याचाच शेवटचा तुकडा आहे. लहानपणी कबड्डी खेळला असालच. चढाईला गेलेला गडी समोरच्याला शिवला म्हणजे गुण मिळाला का? दम टिकवून मध्यरेषेपर्यंत परत येईतो काही मिळालेलं नसतं. शिवल्याशिवल्या आपल्या पोरांकडे बघून हसणाऱ्याचा घोटा कोपरारक्षक कसा धरतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा पंचांनी तुमच्यावर अन्याय केला असं मला वाटत नाही. तुमची चढाई अर्धी राहिली होती, एवढंच.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही 'झानशिन'चा अर्थ 'सतत सावध' असा घेतलात आणि डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केलात. हा अर्थ कुठून आला? शब्दात तर तो नाही. 'झान' म्हणजे उरणं, मागे राहणं. 'शिन' म्हणजे मन. उरलेलं मन. तुम्ही जपानी कचेरीत काम करता, म्हणजे हे 'झान' अक्षर रोज बघता: 'झानग्यो', उरलेलं काम, अर्थात ओव्हरटाइम. अक्षर तेच. आणखी एक बघा, 'झाननेन'. उरलेला विचार. 'अरेरे, वाईट झालं' म्हणताना जपानी माणूस हाच शब्द वापरतो. गुण गेल्यावर तुमच्या मनात जे घोळत राहिलं, ते झाननेन. आणि गंमत म्हणजे झानशिनचीच दोन अक्षरं उलट लिहून जपानी पद्धतीने वाचली, की 'कोकोरोनोकोरी' होतं. त्याचा अर्थ मागे राहिलेली रुखरुख, जीव अडकणं.

एकाच 'उरण्या'चे हे इतके प्रकार. तुमच्या पत्रात मला हे सगळे दिसले, फक्त झानशिन दिसली नाही. तुम्ही झानशिनचं झानग्यो करून ठेवलंय. मन कामावरून सुटतच नाही आणि तुम्ही त्याला सराव म्हणताय.

माझं काय झालं ते सांगते. क्युदोत बाण सोडण्याच्या आठ पायऱ्या आहेत. सातवी 'हानारे', बाण सुटणं. आठवी झानशिन. म्हणजे बाण गेल्यानंतरही एक पायरी शिल्लक असते! अठ्ठावीस मीटरवर ३६ सेंटिमीटर व्यासाचं लक्ष्य. बाण सुटला की दोन्ही हात फाकलेले, छाती उघडी, नजर तिकडेच, आणि तसंच काही क्षण राहायचं. मग श्वासाबरोबर धनुष्य खाली. मी मात्र बाण सुटला रे सुटला की हात पाडायचे आणि लागला तर हसायचे, चुकला तर तोंड वाकडं करायचे. बाईंनी बरेच महिने सांगून पाहिलं. शेवटी त्यांनी मला लक्ष्यासमोरून उठवलं आणि दोन महिने 'माकिवारा'समोर उभं केलं.

माकिवारा म्हणजे गवताचा घट्ट बांधलेला भारा. धनुष्याच्या लांबीएवढ्या अंतरावरून त्यात बाण मारायचा. तिथे चुकायची सोयच नाही, बाण लागणारच. म्हणजे हसायला कारण नाही, तोंड वाकडं करायलाही नाही. आणि तरीही माझे हात पडत होते. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी माझं मलाच जाणवलं, की उजवा खांदा बाण सुटायच्या आधीच सैल पडतोय. 'झालं एकदाचं' हे मन आधीच म्हणून बसलंय, हाताने फक्त सही करायची बाकी आहे. माझी चूक आठव्या पायरीत दिसत होती, पण झाली होती सहाव्या-सातव्याच्या मध्ये. आठवी पायरी ही पावती आहे हो. दुकानात जे घेतलं तेच पावतीवर उमटणार. पावती कितीही सुरेख अक्षरात लिहिली तरी पिशवीत जे नाही ते येत नाही.

म्हणून मला शंका आहे, की तुमची मूठ फटक्यानंतर वळली नव्हती. 'लागतोय, लागतोय' असं वाटलं तेव्हाच ती आतून वळलेली होती. त्या क्षणापासून समोरचा माणूस तुमच्यासाठी संपला. आणि आता तुम्ही नेमकं उलट करताय. फटका मारल्यावर वळून, डोळे वटारून, 'हे बघा माझी झानशिन' अशी मुद्रा घेताय. खांदे भरून येणारच. तीही मूठच, फक्त आत वळलेली.

परीक्षेसाठी काता, म्हणजे जोडीने करायच्या ठरीव हालचाली, करता ना? केंदोचे हे काता १९१२ मध्ये ठरले, सात लांब तलवारीचे, तीन आखूड तलवारीचे. पहिल्या कातात शिदाची, म्हणजे जिंकणारा, डोक्यावर वार करतो, तलवारीचं टोक समोरच्याच्या दोन डोळ्यांच्या मध्ये आणतो आणि मग डावा पाय पुढे टाकून तलवार डोक्यावर उचलतो. ही उघड दाखवलेली झानशिन, मागच्या बाकावरच्या प्रेक्षकालाही दिसेल अशी. दुसऱ्या कातात मनगटावर वार होतो आणि त्यानंतर झानशिन दाखवायची नाही. कोणतीही वेगळी हालचाल नाही. पण ती असली पाहिजे, पूर्ण असली पाहिजे, असं शिकवतात. हे मला फार आवडतं. एकदा दाखवून सांगितलं, दुसऱ्यांदा म्हटलं आता न दाखवता ठेव. तुम्ही अजून पहिल्या कातातच अडकलाय असं वाटतं. पुढच्या सरावाला दुसऱ्या कातावर जास्त वेळ द्या. सेन्सेईंना विचारा, की माझी झानशिन कुठे तुटते ते तुम्हाला कशावरून कळतं. त्यांना नक्की सांगता येईल, कारण समोर उभ्या असलेल्याला ते कळतंच.

आता सावध आणि सैल एकत्र कसं. हा प्रश्न मुळात कोडं वाटतो, कारण आपण सावधपणा म्हणजे ताण असं धरून चालतो. स्वयंपाकघरात बहिणी-बहिणी गप्पा मारत बसलेल्या आठवा. विषय रंगलेला असतो, कुणी मोजत नसतं, आणि मध्येच एक जण म्हणते, "तिसरी झाली गं, गॅस बंद कर." कुकरकडे कुणी टक लावून बघत नव्हतं. टक लावून बघणाऱ्या नव्या सुनेचीच शिट्टी चुकते.

शिनाई धरतानाही तेच. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका धरतात, बाकीची बोटं नुसती सोबतीला. फटक्याच्या क्षणी हात आत पिळायचे, ओला फडका पिळल्यासारखे, आणि लगेच मोकळे सोडायचे. या पिळण्याला केंदोत 'चाकिन-शिबोरी' म्हणतात. 'चाकिन' म्हणजे चहाच्या विधीत वाटी पुसायचं कापड. पिळलेलं सोडलंच नाही तर पुढचा फटका निघणार कुठून? तुमचे फटके उशिरा पडतात ते वयामुळे नाही. मागच्या फटक्याचं पिळणं अजून हातात आहे.

नजरेचंही एक नाव आहे, 'एन्झान नो मेत्सुके', दूरच्या डोंगराकडे बघावं तशी नजर. तुमच्या जवळच कासाई रिंकाईच्या बागेत ते मोठं चक्र आहे. हिवाळ्यात स्वच्छ दिवशी त्यात बसा. वरून फुजी दिसतो. त्याच्याकडे बघताना त्याचा एखादा दगड आपण बघत नाही, अख्खा डोंगर दिसतो आणि आजूबाजूचं टोकियोही दिसत राहतं. समोरच्या खेळाडूचं मनगट बघायचं नाही, त्याच्या तलवारीचं टोकही नाही. माणूस बघायचा.

सतराव्या शतकात ताकुआन नावाच्या झेन भिक्षूने यागियु मुनेनोरीला एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. मुनेनोरी हा तोकुगावा शोगुनांचा तलवारीचा गुरू. (सल्ला मागणारे आणि पत्राने उत्तर देणारे तेव्हाही होते, एवढंच मला यातून म्हणायचंय.) त्यात हजार हातांच्या कान्नोनचं, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचं, उदाहरण आहे. मन एका हातावर थांबलं की उरलेले नऊशे नव्याण्णव निकामी होतात. थांबलं नाही तर हजारही चालतात. आता तुम्ही म्हणाल, एकीकडे म्हणतात मन उरलं पाहिजे आणि दुसरीकडे म्हणतात ते थांबता कामा नये. मलाही हे बराच काळ परस्परविरोधी वाटायचं. पण दाराकडे टक लावून बसलेल्या माणसाकडे बघा. त्याचं मन उरलेलं नसतं, दारात अडकलेलं असतं. समोर बायको काय बोलली ते त्याला ऐकू येत नाही. नऊशे नव्याण्णव हात गेले.

मला तुमच्या सावधपणात भीती दिसते, आणि भीती आणि झानशिन यांची गल्लत होते तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवते. चौदाव्या शतकातल्या केन्को नावाच्या भिक्षूने ती लिहून ठेवलीय. झाडावर चढण्यात तरबेज असलेला एक जण दुसऱ्याला उंच झाडावर चढवून फांद्या तोडून घेत होता. तो वर धोक्यात होता तोवर हा गप्प. उतरत उतरत तो घराच्या वळचणीएवढ्या उंचीवर आला तेव्हा हा म्हणाला, सांभाळून उतर. आता तर उडी मारली तरी चालेल, मग आताच का सांगता, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, की वर असताना त्याची भीती त्याला सांभाळत होती. माणूस पडतो तो सोप्या जागी. म्हणजे बघा, भीती असते तिथे कुणी सांगायची गरज नसते. झानशिन लागते ती भीती ओसरल्यावर, 'हुश्श' ओठांवर आलेलं असताना. चोवीस तास भिऊन तुम्ही ज्याचा सराव करताय, त्याची त्या क्षणी गरजच पडणार नाहीये.

आणि झानशिनला शेवट असतो, हे तर तुम्ही दर आठवड्याला स्वतः करता. सामना संपला की आपल्या रेषेवर यायचं, टाचांवर बसून सोनक्यो, शिनाई म्यान केल्यासारखी कमरेला, उठून पाच पावलं मागे, वाकून नमस्कार. संपलं. त्यानंतर तुम्ही पाण्याची बाटली शोधता, ती झानशिनने शोधत नाही. काही जण सांगतील, की खरा योद्धा झोपेतही जागा असतो. असेल. त्याला सकाळी नऊला बँकेची सिस्टीम चालू करायची नव्हती.

तेव्हा काय करायचं? दोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, एकच गोष्ट: समोरच्याला सांगा, की मी फटका मारून पुढे निघून गेलो की तू माझ्या मागे ये आणि मी वळताना मला मार. दोन आठवडे तो तुम्हाला मारेल. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही मुद्रा घ्यायची विसराल, कारण वेळच मिळणार नाही, आणि वळाल तेव्हा शिनाई आपसूक मध्यावर असेल. घरी सुबुरी, म्हणजे हवेत एकट्याने फटके मारायचा सराव, करताना दहा फटके कमी मारा, पण प्रत्येकानंतर श्वास पूर्ण सुटेपर्यंत तिथेच राहा आणि खांदे कुठे आहेत ते बघा. कानाजवळ असतील तर पुढचा फटका मारू नका.

फोनचं मात्र कडक सांगते. पाळी तुमची नसेल त्या रात्री फोन दुसऱ्या खोलीत. पाळी असेल त्या रात्री घंटा मोठी करून ठेवा आणि झोपा. घंटा वाजवणं हे फोनचं काम आहे, तिची वाट बघणं हे तुमचं नाही. लॅपटॉप धाडकन मिटून तावातावाने उठू नका. चहाच्या परंपरेत सेन नो रिक्यूच्या नावाने सांगितलं जाणारं एक पद्य आहे. कोणतीही वस्तू खाली ठेवल्यावर हात मागे घ्यावा तो प्रिय माणसाचा निरोप घ्यावा तसा. लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर बोटं त्यावर क्षणभर जास्त ठेवायची, दिवसभरातलं शेवटचं जे केलं ते काय होतं ते आठवायचं, मग उठायचं. मी हे कुलूप लावताना करते आणि तेव्हापासून जिना उतरून परत कुलूप ओढून बघायला जात नाही. इतकं करूनही आणखी तीन-चार आठवडे झोप आली नाही तर डॉक्टरांकडे जा. तिथे केंदोला मध्ये आणू नका.

अशीच पत्रं इतरांकडूनही येतात. इथल्या कराटेच्या वर्गात मुलगी जाते आणि पालक तिला 'रस्त्यात कायम सावध राहा' हे इतक्यांदा सांगतात, की ती रस्ताच टाळायला लागते. तिला नजर मोकळी ठेवायला शिकवा, भ्यायला नको. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे आणि रात्रभर कान तिकडे असतो, त्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे. त्यांना तंत्र नको, पाळी वाटून घेणारं दुसरं माणूस हवं, आणि ते मागायला लाजू नये.

परीक्षेला बसा. नापास झालात तर पुन्हा बसा. मुलाने वडिलांची मूठ पाहिलीय, आता वडील परत रेषेवर येऊन नीट वाकताना पाहू दे. त्याच्याशी त्या रद्द झालेल्या गुणाबद्दल एकदा बोलाही. पोरांना असं काही बघितल्यावर विचारायचं असतं आणि ते विचारत नाहीत.

राहता राहिली ती भिंतीकडची खुर्ची. जपानी रिवाजात दारापासून सर्वांत लांबची जागा म्हणजे 'कामिझा'. ती पाहुण्याची, वडीलधाऱ्याची. दाराकडे पाठ करून बसायचं ते यजमानाने. सासू-सासरे उन्हाळ्यात येऊन गेले असं पत्रात ओझरतं लिहिलंय तुम्ही. त्या पंधरा दिवसांत सासरेबुवांना प्रत्येक हॉटेलात दाराच्या तोंडाशी बसवलंत का, ते आधी आठवून बघा.